धर्म बदलतात, की त्यांचे आकलन बदलते?

मूळ धागा

'आमचा धर्म मुळात एकसंध आणि शुद्ध होता, मतभेद आणि पंथ ही नंतरची भेसळ आहे' असे जवळपास प्रत्येक धर्माचे अनुयायी सांगतात. मला हे पटत नाही, कारण मतभेद मूळ ग्रंथाच्या वाचनापासूनच सुरू होतात.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, 'स आत्मा तत्त्वमसि' असे नऊ वेळा सांगतो. शंकराचार्यांनी त्यातून जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य दाखवले. रामानुजाचार्यांनी जीव हे ब्रह्माचे शरीर आहे, असा अर्थ लावला. मध्वाचार्यांनी तर संधीच वेगळा सोडवून 'स आत्मा अतत् त्वम् असि', म्हणजे 'तू ते नाहीस', असे वाचले. 'आत्मा'च्या शेवटच्या आकारात एक 'अ' मिसळलेला आहे की नाही, एवढ्यावरून अद्वैत आणि द्वैत अशा दोन टोकांच्या भूमिका उभ्या राहतात, आणि तरीही तिन्ही आचार्य श्रुतिप्रामाण्य, म्हणजे वेद-उपनिषदांचा शब्द अंतिम, मानणारेच आहेत.

बदल इतका सूक्ष्मच असतो असेही नाही. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याज्य मतांची जी यादी प्रसृत केली, तिच्यात प्रत्येकाला आपल्या बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारण्याची मुभा आहे, हे मतही होते. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतून येणारा अधिकार असल्याचे घोषित केले. याला केवळ आकलनातला फरक म्हणणे मला अवघड वाटते.

प्रतिसाद १

आपली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. मध्वाचार्यांना पदच्छेद बदलावा लागला, कारण ते वाक्य सोडून देणे त्यांना शक्यच नव्हते. जे सोडता येत नाही, तोच धर्माचा गाभा असतो. १९६५ च्या त्याच घोषणेत, सत्य धर्माप्रती माणसाचे जे कर्तव्य आहे त्याविषयीची परंपरागत शिकवण अबाधित असल्याचेही सुरुवातीलाच म्हटले आहे.

ज्यू धर्माकडे पाहा. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, पशुबळींची उपासना थांबली आणि तिची जागा प्रार्थनेने व अध्ययनाने घेतली. यापेक्षा मोठा बदल कोणता असू शकतो? परंतु परंपरानिष्ठ ज्यू उभे राहून दिवसातून तीनदा जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात मंदिरातली ती उपासना पुन्हा सुरू व्हावी असे मागणे आजही आहे. जे गेले त्याची जागा त्यांनी रिकामीच ठेवली आहे. त्यामुळे नवे आले म्हणून जुने संपले, असे श्रद्धावंताच्या बाजूने पाहिल्यास म्हणता येत नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही हे बदल जणू शांत वादसभेत घडले असावेत, अशा रीतीने मांडत आहात. ८३३ मध्ये खलिफा अल-मामून यांनी 'कुराण निर्मित आहे', म्हणजे ते अनादी नाही, हे मत मान्य करायला लावण्यासाठी न्यायाधीशांची आणि विद्वानांची चौकशी सुरू केली. त्यांपैकी अहमद इब्न हंबल या विद्वानांनी नकार दिला, तुरुंगवास भोगला आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही सोसले. कोणते मत टिकले हे पाहताना कोणाच्या हाती सत्ता होती, हे वगळून चालणार नाही.

धागाकर्ता

सत्तेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण आपल्याच उदाहरणात ती हरली: ती चौकशी पुढे गुंडाळावी लागली आणि सुन्नी परंपरेत इब्न हंबल यांचेच मत प्रतिष्ठित झाले.

शिवाय सत्तेचा दबाव नसतानाही मते बदलतात. इस्लामी धर्मशास्त्राच्या एका प्रमुख परंपरेचे प्रवर्तक इमाम शाफिई यांनी इराकमध्ये दिलेली काही मते इजिप्तमध्ये गेल्यावर स्वतःच बदलली. त्यांच्या परंपरेत 'जुने मत' आणि 'नवे मत' अशा संज्ञाच रूढ झाल्या, आणि थोड्या प्रश्नांवर नंतरच्या शाफिई विद्वानांनी जुनेच मत ग्राह्य धरले.

प्रतिसाद १ च्या लेखकांना माझा एक प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणावादी ज्यूंनी पशुबळींच्या पुनःस्थापनेचे ते मागणे प्रार्थनेतून वगळले. आपण ज्याला न सोडता येणारे म्हणता, ते त्यांनी सोडले. मग आपल्या कसोटीवर ते ज्यू ठरतात की नाही?

प्रतिसाद १

ते ज्यूच आहेत, याविषयी मला शंका नाही. 'हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे' हे वचन त्यांनीही सोडलेले नाही. मात्र गाभा कोठे संपतो याची रेघ मी जेथे ओढली होती, तेथून ती मला मागे घ्यावी लागेल, हे मी मान्य करतो.