पोस्टग्रेस: इंडेक्स असूनही रोजचा रिपोर्ट १४ सेकंद खातो

उंडेवाला:
फोंड्याजवळच्या एका बेकरीचं बिलिंग मी बघतो. पोदेर (पाव विकणारे) पहाटे ३ वाजल्यापासून पाव, उंडे, पोळी घेऊन निघतात आणि निघतानाच दारात टॅबवर बिल होतं. म्हणजे निम्मी बिलं उजाडायच्या आत. डेटाबेस पोस्टग्रेस, बिलांच्या टेबलात आता ३२ लाख ओळी आहेत, सर्व्हर १ जीबीचा. कालचा हिशेब काढायला मी 'डेट(बिल_वेळ) = कालची तारीख' अशी अट लिहिलीय. बिल_वेळवर इंडेक्स (लवकर शोधायला क्रमाने लावलेली यादी) आहे, तरी एक्स्प्लेनमध्ये, म्हणजे क्वेरी कशी चालणार ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सीक्वेन्शियल स्कॅनच (सगळं टेबल ओळीने वाचणं) दिसतो. मग थेट डेट(बिल_वेळ)वर इंडेक्स घालायला गेलो, तर फंक्शन 'इम्म्युटेबल' (कायम तेच उत्तर देणारं) नाही म्हणून एरर. मोठा सर्व्हर घेऊ का? पात्रांव (बेकरीचे मालक) पैसे सोडणार नाहीत. त्यात रिपोर्ट वहीशी जुळत नाही म्हणून ते आधीच तापलेत, पण ते वेगळं प्रकरण.

डिचोलीकर:
वेगळं नाही रे, तेच प्रकरण आहे.

इंडेक्समध्ये बिल_वेळ जशीच्या तशी क्रमाने लावलेली असते. तू तिला डेटमध्ये गुंडाळलीस की तो क्रम पोस्टग्रेसच्या उपयोगाचा राहत नाही, मग ३२ लाख ओळींची तारीख एकेक करून काढत बसतो. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालव आणि 'रोज (rows) रिमूव्ह्ड बाय फिल्टर'चा, म्हणजे वाचून टाकून दिलेल्या ओळींचा, आकडा बघ, डोळे पांढरे होतील.

आता तो एरर. त्यावरूनच कळतं की तुझा कॉलम टाइमझोनवाला टाइमस्टॅम्प आहे. अशा वेळेची तारीख कोणती, हे सेशनच्या टाइमझोनवर ठरतं. आज एक उत्तर, उद्या दुसरं, असलं काही पोस्टग्रेस इंडेक्समध्ये घेत नाही. 'शो टाइमझोन' करून बघ. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आलं तर तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. ३ ते साडेपाचची सगळी बिलं तुझ्या रिपोर्टात आदल्या दिवशी पडतायत. वही बरोबर आहे.

कॉलम मोकळा ठेव: बिल_वेळ >= '२०२५-०८-२५ ००:००+०५:३०' आणि बिल_वेळ < '२०२५-०८-२६ ००:००+०५:३०'. बिटवीन नको. त्यात दोन्ही टोकं धरली जातात, बरोबर मध्यरात्रीचं बिल दोन्ही दिवसांत मोजलं जाईल.

पेडण्याचो:
एरर टाळून इंडेक्स घालता येतो. 'अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता' करून मग तारखेत कास्ट (रूपांतर) केलं की ते एक्स्प्रेशन इम्म्युटेबल ठरतं. मात्र क्वेरीतही तेच एक्स्प्रेशन लिहावं लागतं, आणि प्रत्येक बिलामागे आणखी एक इंडेक्स सांभाळायचा. माझं मत डिचोलीकरांच्याच बाजूने.

पोदेरवार उधारी काढत असशील तर (पोदेर_आयडी, बिल_वेळ) असा जोड इंडेक्स घाल, याच क्रमाने. बरोबरीची अट आधी, रेंज मागाहून. उलटा घातलास तर त्या काळातल्या सगळ्या पोदेरांच्या नोंदी चाळाव्या लागतात.

आणि बांधताना 'कॉन्करंटली' लाव. साधा क्रिएट इंडेक्स पुरा होईपर्यंत टेबलात नवी नोंद घेत नाही. मी एकदा एका दुकानाचा काउंटर असाच भर गर्दीत बंद पाडलाय. कॉन्करंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसलं तर अर्धवट 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो, तो आधी ड्रॉप कर.

उंडेवाला:
यूटीसीच निघालं! अट बदलली, आता ६० मिलिसेकंद. इंडेक्स तोच, सर्व्हर तोच. महिन्याची बेरीज जवळपास जमायची, म्हणून इतके दिवस मला संशय आला नाही. जोड इंडेक्स दुपारी बांधतो, तेव्हा भट्टीपाशी कुणी नसतं. तोवर मार्चपासूनचे रोजचे रिपोर्ट परत काढायला बसलोय, पात्रांव वही घेऊन शेजारी बसलेत.