प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या मुलाकडून खरे उत्तर कसे मिळवावे? (मदत हवी आहे)

आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि गेल्या शिमग्यापासून त्याला काहीही विचारले तरी तो दोन्ही हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ एवढेच उत्तर देतो. वाचणाऱ्याला हसू येईल हे मला ठाऊक आहे. आमच्या घरातही सगळे हसतातच, आणि निम्मी अडचण त्या हसण्याचीच आहे.

आम्ही मालवण तालुक्यात राहतो. सासरे सणावाराला घरी आणि अधूनमधून गावच्या देवळातही गाऱ्हाणे घालतात. ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की एक जण देवापुढे नारळ ठेवून मोठ्या आवाजात मागणे मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मुलाने मंडळींचा हा भाग अचूक सुरासकट उचलला. सुरुवातीला कौतुक वाटले. मग एके सकाळी मी मागील दारी कपडे वाळत घालत असताना मासेवालीने पडवीत बसलेल्या या गृहस्थांना ‘इसवण घेतलास?’ असे विचारले, त्यांनी रीतसर होकार दिला, आणि मी पुढे येईपर्यंत तिने तुकड्या करायला घेतल्या होत्या. त्या दिवशी घरात सोमवारचा उपास होता.

तरीही हे सारे चालून गेले असते. खरी काळजी लागली ती त्याला ताप आला तेव्हा. डॉक्टरांनी पोट दुखते का, कान दुखतो का, घसा दुखतो का असे एकेक विचारले, आणि त्याने प्रत्येक अवयवाला समान न्याय दिला. शेवटी त्यांनी ‘की काहीच दुखत नाही?’ असे विचारले, तर त्यालाही तेच उत्तर. ताप साधाच निघाला, पण तेव्हापासून माझ्या मनात धास्ती आहे.

आता तर तो स्वतःच गाऱ्हाणे घालू लागला आहे. तुळशीपुढे करवंटी ठेवतो आणि ‘बा देवा म्हाराजा, आजी खाजा देत नाय म्हाराजा’ असे म्हणून आमच्याकडे वळून पाहतो. आम्ही साथ दिल्याखेरीज पुढचा घास घेत नाही. सासरे लगेच साथ देतात, ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते त्या सासूबाईही तोंडाला पदर लावून देतात, आणि यजमान मोबाइलवर चित्रीकरण करतात. ‘पोराच्या तोंडात देवाचे नाव आहे, त्याला अडवू नये’ असे सासऱ्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांना दुखवण्याची माझीही इच्छा नाही. तेव्हा दुखण्याखुपण्याविषयी त्याला नेमके विचारावे कसे, आणि चतुर्थीला सगळे भाऊबंद जमण्यापूर्वी हे थोडे आवरता येईल का, यांविषयी कृपया अनुभव सांगावेत.

प्रतिसाद (वेंगुर्ले):
ताई, यात देवाचा भाग थोडा आणि वयाचा अधिक आहे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना हो-नाहीचे प्रश्न विचारले, तर त्यांचा कल ‘हो’ म्हणण्याकडेच असतो. तुमच्या मुलाने फक्त त्याला दरबारी पोशाख चढवला आहे. म्हणून ‘हे का?’ असे न विचारता ‘हे की ते?’ असे विचारा, असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. तो अर्धाच खरा आहे. या वयाची मुले बहुधा शेवटी ऐकलेला पर्याय उचलतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हेच आढळले होते, आणि मुलांना तोंडाने न सांगता बोटाने दाखवायला सांगितले, तेव्हा हा कल उरला नव्हता. माझी मुलगी ‘पेज की भात?’ याला भात म्हणायची आणि ‘भात की पेज?’ याला पेज, आणि दोन्ही वेळा समोर आलेले ताट ढकलून द्यायची. त्यामुळे ‘दुखते कुठे ते दाखव’ एवढेच म्हणा, किंवा बाहुली देऊन तिच्यावर बोट ठेवायला सांगा.

प्रतिसाद (रत्नागिरी, बालरुग्ण विभागात परिचारिका):
वरील सल्ला योग्य आहे, परंतु एवढ्या लहान मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये, मग तो काहीही म्हणो. खेळणे थांबले का, पाणी पितो का, लघवी नेहमीसारखी होते का, पाय पोटाशी घेऊन रडतो का, दाबल्यावर अंग चोरतो का, हे पाहा आणि डॉक्टरांना तेच सांगा. तो सुस्त पडू लागला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर प्रश्नोत्तरांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

प्रतिसाद (देवगड):
मी निवृत्त शिक्षक आणि तीन नातवंडांचा आजोबा आहे, म्हणून तुमच्या सासऱ्यांची बाजू थोडी घेतो. मुले पाहिलेले दुसऱ्या दिवशीही जसेच्या तसे करून दाखवतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे, की त्याच्या सोळा महिन्यांच्या मुलीने घरी आलेल्या एका मुलाचा थयथयाट आश्चर्याने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग स्वतः केला. तुमच्याकडे त्या मानाने बरेच सभ्य अनुकरण चालले आहे. बंदी घालू नका. जागा ठरवून द्या. सासऱ्यांनी खरा नारळ ठेवला, की नातवाला शेजारी उभे करावे आणि त्याची साथ मोठ्याने घ्यावी. करवंटीपुढच्या गाऱ्हाण्याला मात्र कोणीही साथ देऊ नये, हसू नये, आणि मोबाइल तर मुळीच काढू नये. सर्वांत अवघड तेच आहे, कारण मुलापेक्षा मोठ्यांना आवरावे लागते.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना देवगडच्या आजोबांचा प्रतिसाद वाचून दाखवला. जागा ठरवून देण्याची कल्पना त्यांना पटली, मात्र करवंटीपुढे गप्प राहणे त्यांना अद्याप जमलेले नाही. साथ दिली नाही तरी त्यांचे ओठ हलतात आणि मुलगा नेमका ओठांकडेच पाहत असतो. बाहुलीचा उपाय उपयोगी पडला. ‘बाहुलीला कुठे बाऊ झाला?’ असे विचारल्यावर त्याने तिच्या गुडघ्यावर बोट ठेवले, मग स्वतःच्या गुडघ्यावर, जिथे खरोखरच खरचटले होते, आणि शेवटी उठून सासऱ्यांच्या गुडघ्यावर, जो गेली कित्येक वर्षे दुखतो आहे.

मासेवालीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. घरातील मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय मासा कापू नये असे तिला सांगितले, तेव्हा ‘खुद्द म्हाराजांनी हुकूम दिल्यावर मी कोणाला विचारू?’ असे तिने मलाच विचारले. यावर कोणाकडे उपाय असल्यास अवश्य सांगावा.