मदत हवी आहे: बाजरीवरचा हिरवा भुंगेरा आणि उकिरड्यातली अळी, हुमणीच का?

नमस्कार मंडळी,
शेत अमळनेर तालुक्यात. बाजरी फुलोऱ्यात आहे आणि ऊन चढलं की कणसांवर चकचकीत हिरवे भुंगेरे बसतात. अंगावर भुरकट लव, तोंड परागात खुपसलेलं. हिंगे (अंगावर फोड आणणारे भुंगेरे) नाहीत, ते ओळखता येतात. एक डबीत धरला, तर मिशीच्या टोकाला बारीक पात्यांचा पंखा, उघडतो-मिटतो. पहिल्या पावसात रात्री कडुनिंबावर येणाऱ्या हुमणीच्या (मुळं कुरतडणाऱ्या अळीच्या) भुंगेऱ्यालाही असाच पंखा असतो, म्हणून धास्ती वाटते. मात्र हा उडताना वरचे कडक पंख उघडतच नाही, पातळ पंख कडेने बाहेर काढतो.

शिवाय उकिरड्याच्या तळाशी पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या निघाल्या. पोळ्यानंतर तेच खत दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतात टाकायचंय. औषधाच्या दुकानात सांगितलं, हुमणीच आहे, फवारा आणि दाणेदारही टाका. कणसांवर मधमाश्याही आहेत हो, फवारायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर:
दादा, फवारू नका. दोन्ही भुंगेरे स्कॅराबिडी कुळातले, म्हणून मिशी सारखी. शेणाचे गोळे करणारे आणि नारळावरचा गेंड्या भुंगाही त्याच कुळातले. पण हुमणी (होलोट्रिकिया) मेलोलोंथिनी उपकुळातली, तुमचा हिरवा सिटोनिनी उपकुळातला. वर्णनावरून चिलोलोबा अक्युटा वाटतो. सिटोनिनीतल्या बहुतेकांच्या वरच्या पंखाला कडेला खाच असते, तिथून खालचा पंख निघतो. तुम्ही पाहिलंत ते हेच. तो पराग खातो. फारच झाले तर सकाळच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हा वेचा.

अळी सपाट फरशीवर सोडा. उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरकली तर फुलांवरच्या भुंगेऱ्यांची. ती कुजलेला पाला, शेण खाते, खत चांगलं मुरवते. हुमणी पाठीवर चालत नाही, ती पिकाची मुळं कुरतडते.

धागाकर्ता:
ताई, करून पाहिलं. बहुतेक पाठीवरच सरकल्या, भराभर! काही मात्र कुशीवर वळवळत राहिल्या, त्यांचं डोकंही मोठं आहे.

उत्तर:
त्या हुमणी किंवा गेंड्या भुंग्याच्या असतील, तेवढ्या वेचून काढा. खत पसरून उन्हात उलथापालथ करा, बगळे-साळुंक्या बाकीचं काम करतील. पाठीवरच्या अळ्या उकिरड्यातच परत टाका. दाणेदार औषध नको.