मदत हवी आहे : एलएलबीमधला दुसरा एल कशाचा? पाटी अडकलीय

सिडकोवाला :
लोकहो अर्जंट आहे. पाटीवाला सकाळपासून फोन करतोय, कोरायला घेऊ का म्हणून, आणि घरात वाद, मेव्हणे म्हणतात एल.एल.बी. अशी तीन टिंबं द्यायची, भाची म्हणते एलएल.बी. एल म्हणजे लॉ, मग दुसरा एल कुठला? पितळी आहे, एकदा कोरलं की गेलं.

गोदाकाठ :
पाटी कुणाची? मराठी की इंग्रजी? काहीच लिहिलं नाहीये.

रिटायर्ड_बाबू :
सोप्पंय. बॅचलर ऑफ लेजिस्लेटिव्ह लॉ. आमच्या वेळी सगळे हेच सांगायचे.

पंचवटीकर :
काका, तसं असतं तर बी आधी आला असता, बीए बीकॉमसारखा. मूळ नाव लॅटिन, लेगुम बाकालौरेउस. लेगुम म्हणजे 'कायद्यांचा', अनेकवचन, आणि लॅटिनात अनेकवचनाचं संक्षिप्त रूप करताना अक्षर दोनदा लिहितात, इंग्रजी पुस्तकात पानांसाठी पीपी छापतात तसंच. दोन एल मिळून एक शब्द, मधे टिंब नको. भाची बरोबर.

रिटायर्ड_बाबू :
लॅटिन नाशकात कोण वाचतंय?

डॉक्टरीणबाई :
आमच्या एमबीबीएसमधेही तेच हो, एमबीत बी मागे (लॅटिन) आणि बीएसमधे पुढे.

मायमराठी :
विधी स्नातक लिहा की सरळ! गुरुकुलातलं शिक्षण संपल्यावर समावर्तनाचं स्नान केलेला तो स्नातक.

गोदाकाठ :
मग रामकुंडावर रोज पहाटे शेकड्याने स्नातक होतात 😀

कोर्टकचेरी :
सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, आली का पण? तिच्याशिवाय अ‍ॅडव्होकेट लावू नका. आणि पाटी अवाढव्य नको, वाजवी आकाराचीच हवी असं बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) नियमातच आहे.

सिडकोवाला :
सनद आली हो, म्हणून तर पाटी. भाचीची आहे, मराठीत, नाशकातल्या सीबीएस बस स्टँडजवळ वकिलीसाठी टेबल मिळालंय. साइज नऊ बाय बारा. एलएल.बी. सांगतोय, पण मेव्हण्यांचं नवीनच, बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा ना, मग लग्न झालं की पाटी बदलायची का??

पंचवटीकर :
नाही हो. जुन्या लॅटिनात बाकालारिउस म्हणजे खालच्या पायरीवरचा माणूस, पुढे तरुण सरदारालाही बॅचलर म्हणायला लागले, विद्यापीठात पहिली पदवी घेतलेल्यालाही. लग्नाचं नंतर चिकटलं.

रिटायर्ड_बाबू :
तीन टिंबंच चांगली दिसतात.

गोदाकाठ :
पितळेचे किती सांगितले त्याने? मलाही घराची करायचीय.