मदत हवी आहे: फर्स्ट पीयूत (कर्नाटकातली अकरावी) असतानाच डिग्री लेव्हलचा कोर्स करता येतो का?

खानापूरकर_मामा:
भाची मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) करून बेळगावात फर्स्ट पीयू सायन्सला आहे, पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कंप्युटर सायन्स). कंप्युटरमध्ये वर्गाच्या पुढं पळतेय. पीयू सांभाळून डिग्रीच्या पातळीचा कोर्स आणि सर्टिफिकेट जमेल का? पुढं इंजिनीअरिंगला उपयोग होतो का?

टिळकवाडीचा_मास्तर:
जमेल की. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचे) कोर्स बघा. बारावीची अट नाही, शिकणं फुकट, परीक्षेची फी १००० रुपये. 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' हा १२ आठवड्यांचा कोर्स तिच्यासाठी ठीक.

बहुतेकांची गाडी अडते ती इथं: कोर्सला एनरोल होणं वेगळं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. परीक्षेचा फॉर्म स्वतंत्र भरायचा, तोही त्याच ईमेलवरून. असाइनमेंट दर आठवड्याला असते. मुदत संपेपर्यंत कितीही वेळा सबमिट करा, शेवटचं धरतात.

गुणांचा हिशेब नीट समजून घ्या. १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंटची सरासरी २५ गुणांत, परीक्षा ७५ गुणांत. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे असाइनमेंटला पैकीच्या पैकी २५ आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५३ होऊनही सर्टिफिकेट नाही. असाइनमेंटची उत्तरं इकडून तिकडून उचलणारे नेमके इथं आपटतात, कारण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सचं सूत्र कधी वेगळं असतं, त्या कोर्सच्या पानावर बघून घ्या.

फर्स्ट पीयूत जुलैची बॅचच घ्या. जानेवारीची घेतली तर वार्षिक परीक्षा मध्येच येते. सेकंड पीयूत जानेवारीच्या बॅचचं नावच नको.

खानापूरकर_मामा:
आणि इंग्रजी? लेक्चर डोक्यावरून जाईल काय अशी धास्ती आहे.

टिळकवाडीचा_मास्तर:
बऱ्याच कोर्सचे अनुवादित मजकूर मिळतात, मराठीतही. पण प्रश्न इंग्रजीतच येतात, तेव्हा मराठी वाचून समजायचं आणि सराव इंग्रजीतूनच करायचा.

शहापूर_७:
उपयोगाबद्दल स्पष्ट सांगतो. इंजिनीअरिंगची रँक पीयूच्या विषयांचे ५० टक्के आणि केसीईटीचे (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) ५० टक्के यांवर लागते, सर्टिफिकेटचा एक गुणही धरत नाहीत. १२ आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे डिग्रीत विषयाचं वजन मोजायचं एकक), पण प्रवेशाआधी केलेला कोर्स धरायचा की नाही हे कॉलेज ठरवतं. विचारायचं तर लेखी विचारा, तोंडी 'होईल हो' कामाचं नाही.

दुसरी वाट आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्स बीएस या ऑनलाइन डिग्रीची. अकरावीची वार्षिक परीक्षा दिली की क्वालिफायरला (प्रवेशाच्या पात्रता परीक्षेला) अर्ज करता येतो. गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, कम्प्युटेशनल थिंकिंग असे ४ विषय, ४ आठवड्यांचा अभ्यास. पास व्हायला प्रत्येक विषयात किमान गुण आणि एकूण सरासरीही लागते. पास झाली तरी पुढचा कोर्स बारावीनंतरच सुरू.

निपाणी_रोड:
एक राहिलं. फॉर्ममध्ये नाव टाकाल तेच सर्टिफिकेटवर छापून येतं. आपल्याकडं आधारवर पूर्ण नाव, मार्क्स कार्डवर इनिशियल, असा घोळ असतो. मार्क्स कार्डवरचंच नाव टाका. ते आधारशी जुळत नसेल तर आधार आधी दुरुस्त करा, कारण केंद्रावर हॉल तिकिटासोबत मूळ ओळखपत्र बघतात, झेरॉक्स चालत नाही.