टेकडीवरच्या जुन्या देवळाला तेलरंग द्यावा का?

सूरकाठची (मूळ लेख)

रामटेक तालुक्यातील आमच्या गावाच्या उशाशी जी टेकडी आहे, तिच्यावर महादेवाचे एक लहानसे दगडी देऊळ आहे. येत्या महाशिवरात्रीपूर्वी त्याला आतून-बाहेरून तेलरंग द्यावा, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवाव्यात आणि पुढे सिमेंटचा सभामंडप उभारावा, असे गावाच्या बैठकीत ठरत आले आहे. तेलरंगाला आणि फरश्यांना माझा विरोध आहे, आणि तो का आहे हे सविस्तर मांडते.

देऊळ वालुकाश्माचे आहे. सांध्यांत चुना नाही. घडीव शिळा खाचांत बसवून, एकमेकींच्या भारावर तोलून ठेवल्या आहेत. मंडपाच्या छतात कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून चौकोन लहान लहान करत नेला आहे आणि शेवटी एका कमळाच्या शिळेने तो मिटवला आहे. अशा बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. परंतु हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री, आणि ही पद्धत त्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे; त्यामुळे नुसत्या नावावरून देवळाचे वय ठरत नाही. ते ठरते दगडावरच्या खुणांवरून, आणि त्याच खुणा आपण रंगाखाली गाडायला निघालो आहोत.

रामटेकच्या गडाचेच उदाहरण घ्यावे. राम-लक्ष्मणांच्या मोठ्या मंदिरांकडे सर्वांची पावले वळतात, पण त्यांच्याहून कितीतरी जुनी, बसक्या छपराची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन, म्हणजे सुमारे पाचव्या शतकातील, देवळे वाटेवर शांतपणे उभी आहेत. चौकोनी गाभारा, पुढे आखूड मंडप आणि आत जवळजवळ सगळी जागा व्यापणारी नरसिंहाची बसलेली मूर्ती, एवढाच त्यांचा पसारा. यांपैकी केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा गिलावा १९८०च्या दशकात निघाला, तेव्हा त्याखाली ब्राह्मी लिपीतला शिलालेख सापडला. त्याचा बराच भाग झिजलेला आहे, तरी त्यात ‘प्रभावतीस्वामिन्’ हे देवाचे नाव वाचता येते, आणि मुलीने आपल्या आईच्या, म्हणजे प्रभावतीगुप्तेच्या, पुण्यासाठी हे देवालय उभारले असावे असे अभ्यासकांचे वाचन आहे. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भातल्या वाकाटक घराण्याचा राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पतीच्या निधनानंतर मुले लहान असताना तिनेच राज्य चालवले. तिचा रिद्धपूरचा ताम्रपटही रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे. आपल्या मातीतील एवढे मोठे प्रकरण एका गिलाव्याआड शतकानुशतके दडून राहिले होते.

सेवेकरी

ताई, आपला अभ्यास मोठा आहे, पण आपण सांगितलेल्या उदाहरणातूनच माझे म्हणणे सिद्ध होते. त्या भिंतीवर गिलावा कोणी चढवला? ज्यांनी देवळाची काळजी वाहिली, दिवा लावला, गळती बुजवली, त्यांनीच चढवला असणार. गडावरच्या मंदिरांची डागडुजी नागपूरकर भोसल्यांनी केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे शिखर वीज पडून ढासळले, तेव्हा गोंड राजवटीत ते सावरले गेले आणि म्हणून आज आपण ते पाहतो. ज्या देवळाकडे गावाने पाठ फिरवली, त्याच्या शिखरावर पिंपळ रुजतो आणि दहा-वीस पावसाळ्यांत शिळा उकलतात. रंगामागे लोकांची वर्गणी आणि भक्ती आहे. एकदा हे पुरातत्त्व खात्याच्या हाती गेले की शंभर मीटरच्या आत एक वीटही ठेवता येत नाही, मग वर चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हात बसायचे का?

सूरकाठची

काका, शंभर मीटरची बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरचे नियमन हे केंद्र-संरक्षित स्मारकांना लागू आहे. आपले देऊळ कोणत्याच यादीत नाही, त्यामुळे ती भीती येथे लागू पडत नाही. गिलाव्याबद्दलचा आपला मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो; त्याने अक्षरे काही प्रमाणात राखलीही असतील. पण तो गिलावा आणि आजचा तेलरंग एक नव्हे.

चुनखडी

मी तीस वर्षे गवंडीकाम करतो आहे, म्हणून नेमका फरक सांगतो. वालुकाश्म सच्छिद्र असतो; पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकतो. चुन्याचा थर ही ये-जा थांबवत नाही. तेलरंगाचा थर ती थांबवतो. मग आतले पाणी क्षार घेऊन रंगाच्या पाठीमागे साचते, क्षारांचे खडे धरतात आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटून येतो. मी असे खांब पाहिले आहेत, ज्यांच्यावरची वेलबुट्टी पापुद्र्यासोबत कायमची गेली. सिमेंटनेही तेच होते: सांधा दगडापेक्षा कठीण झाला की पाणी दगडातून वाट काढते आणि झिजतो तो दगड. फरशी घातली तर जोत्यातला ओलावा भिंतींकडे चढेल. सेवेकरीभाऊंना गळतीची चिंता आहे, ती खरी आहे. छतावरचे रोप मुळासकट काढावे आणि सांधे मुरवलेल्या चुन्याने भरावेत. जुने लोक त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचे पाणी घालीत, आणि तो चुना मी आजही भिजवून देऊ शकतो. रंगापेक्षा त्याला वेळ अधिक लागतो, आणि शिवरात्रीपर्यंत तो होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माहेरवाशीण

मला दोन्ही बाजू ऐकून असे वाटते की चर्चा देवळाच्या अंगाभोवतीच फिरते आहे आणि टेकडी विसरली जाते आहे. नरसिंहाच्या त्या देवळांकडे पाहताना त्यांचे बसके छप्पर आणि मागचे मोकळे आकाश एकत्र दिसते. बांधणाऱ्याने जागा निवडली तीही त्या वास्तूचाच भाग आहे. आपल्या देवळाच्या दाराला खेटून सिमेंटचा मंडप आला, तर सकाळचे जे ऊन थेट पिंडीवर पडते ते कायमचे अडेल. सावली हवीच, पण ती पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यावर, कडुनिंबाजवळ का असू नये?

सेवेकरी

चुनखडीभाऊंचे म्हणणे मला पटले. मी तेलरंगाचा आग्रह सोडतो आणि बैठकीत तसे सांगेन. जमलेल्या वर्गणीतून आधी चुना घ्यावा, अशीही सूचना मांडेन. फरशीबाबत मी विचार करतो आहे. सभामंडपाबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. कीर्तन देवासमोर होते, कडुनिंबाखाली नव्हे, आणि भर दुपारी माणसे बसणार ती देवाच्या दारातच. तो दारापासून किती हात मागे घ्यावा, एवढ्यावर बोलायला मी तयार आहे. माहेरवाशीण ताईंनी रविवारी सकाळी वर यावे. ऊन कुठवर पोचते ते दोरी धरून मोजू.