मदत हवी आहे: 80 लाखांचा टूबीएचके, हातातले पैसे कुठून आणायचे?

मंडळी, पिंपरी-चिंचवडमध्ये रावेतला अंडर कन्स्ट्रक्शन टूबीएचके बघितलाय, 80 लाख. 30 ते 75 लाखांचं लोन असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्केच देते, म्हणजे 16 लाख आपले, वर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, रजिस्ट्रेशन 30 हजार, जीएसटी 5 टक्के, हे धरून जवळपास 26 लाख रोख लागतायत!! भाडं भरून एवढे साठेपर्यंत रेट अजून वर गेलेला असतो, पगार कुठे तसा वाढतो. आई म्हणते गावचा तुकडा विकू, मला ते नकोय. रिसेल घेतला तर जीएसटी वाचेल, पण पार्किंग आणि पाण्याचं काय बघायचं? बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे, मग लोन दोघांच्या नावावर मिळतं का? कुणी नुकतंच केलं असेल तर प्लीज सांगा.